घरच्या राउटरवरील स्टॅटिक रूट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरात दुसरा राउटर बसवला, व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित जोडणी) सुरू केले किंवा कॅमेऱ्यांसाठी वेगळे नेटवर्क केले, की राउटरच्या सेटिंगमधील ‘स्टॅटिक रूट’ हे आजवर न उघडलेले पान उघडावे लागते. अमुक नेटवर्ककडे जाणारी माहिती अमुक पत्त्याकडे द्यावी, अशी राउटरला हाताने भरून दिलेली नोंद म्हणजे स्टॅटिक रूट. त्या पानाविषयी आलेल्या प्रश्नांपैकी एकमेकांना पूरक ठरतील असे प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांतील पत्ते केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या घरचे पत्ते निराळे असू शकतात, म्हणून ते तपासूनच भरावेत.

प्रश्न : इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरचे नेटवर्क १९२.१६८.१.० आहे. त्याच्या लॅन (घरातल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टमधून केबल काढून ती दुसऱ्या राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टला जोडली असून दुसऱ्याचे नेटवर्क १९२.१६८.२.० ठेवले आहे. दुसऱ्या राउटरवरच्या संगणकांवर इंटरनेट चालते आणि पहिल्या राउटरवरचा प्रिंटरही वापरता येतो. मात्र पहिल्या राउटरवरच्या संगणकावरून दुसऱ्यावरचा फाइल सर्व्हर, म्हणजे १९२.१६८.२.५०, काही केल्या उघडत नाही. एका बाजूने जाता येते आणि दुसऱ्या बाजूने येता येत नाही, हे कसे?

उत्तर : पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) कुठून कुठे जाते ते टप्प्याटप्प्याने पाहिले, की याचे कारण सापडते. आपला संगणक, समजा १९२.१६८.१.२०, जेव्हा १९२.१६८.२.५० साठी पॅकेट तयार करतो, तेव्हा तो प्रथम एवढेच पाहतो की हा पत्ता आपल्याच सबनेटमधला, म्हणजे थेट पोहोचता येईल अशा पत्त्यांच्या गटातला, आहे की नाही. त्या गटाची हद्द ठरवणारा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असल्यामुळे पत्त्यातले पहिले तीन आकडे जुळावे लागतात. इथे तिसरा आकडा जुळत नाही, म्हणून संगणक ते पॅकेट आपल्या डिफॉल्ट गेटवेकडे, अर्थात १९२.१६८.१.१ या पहिल्या राउटरकडे सोपवतो आणि मोकळा होतो. पहिल्या राउटरच्या राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे कोणते पॅकेट कुठे पाठवायचे त्या यादीत, मुख्यतः दोन नोंदी असतात : एक स्वतःच्या लॅनची, आणि दुसरी ‘बाकीचे सगळे इंटरनेट कंपनीकडे’ असे सांगणारी ०.०.०.० ही डिफॉल्ट नोंद. १९२.१६८.२.० हे नेटवर्क आपल्याच एका लॅन पोर्टपलीकडे आहे, हे त्याला कोणीही सांगितलेले नाही. तो डिफॉल्ट नोंदीप्रमाणे ते पॅकेट वॅनमधून बाहेर काढतो, आणि खासगी पत्त्यांना इंटरनेटवर वाट नसल्यामुळे ते पुढे कुठे तरी टाकून दिले जाते.

उलट्या दिशेने काम चालते ते दुसऱ्या राउटरच्या नॅटमुळे. तिकडचा संगणक प्रिंटरला पॅकेट पाठवतो तेव्हा दुसरा राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून तिथे स्वतःचा वॅनचा पत्ता, समजा १९२.१६८.१.२, लिहितो. प्रिंटरच्या दृष्टीने विचारणारा हा आपल्याच नेटवर्कमधला असतो, त्यामुळे उत्तर कुणालाही वाट न विचारता परत पोहोचते. १९२.१६८.२.० असे काही अस्तित्वात आहे, हे पहिल्या राउटरला कळण्याची वेळच येत नाही.

दुरुस्तीची सुरुवात पत्ता पक्का करण्यापासून करावी. दुसऱ्या राउटरचा वॅन पत्ता आज १९२.१६८.१.२ आणि उद्या १९२.१६८.१.७ झाला, तर स्टॅटिक रूट भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवत राहील. म्हणून पहिल्या राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) सेटिंगमध्ये तो पत्ता राखून ठेवावा, किंवा दुसऱ्या राउटरवर तो हाताने भरून डीएचसीपीच्या वाटपातून वगळावा. त्यानंतर पहिल्या राउटरवर रूट भरावा : डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२, आणि इंटरफेस लॅन. शेवटच्या रकान्यात बरेच जण ‘वॅन’ निवडतात, कारण केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टला लागलेली डोळ्यांना दिसते. पण हा रूट पहिल्या राउटरवर भरला जात आहे आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ती केबल लॅनमधून निघते. गेटवे नेहमी असा असावा की जो त्या राउटरला त्याच इंटरफेसवर थेट सापडेल. दोन टप्पे पलीकडचा पत्ता गेटवे म्हणून चालत नाही.

एवढे करूनही सर्व्हर बहुधा उघडणार नाही, आणि याच ठिकाणी बहुतेक जण कंटाळून सगळे पुसून टाकतात. दुसरा राउटर आपल्या वॅन पोर्टकडे ‘बाहेरचे जग’ म्हणून पाहतो. तिकडून स्वतःहून आलेली प्रत्येक जोडणी त्याची फायरवॉल अडवते, मग ती घरातल्याच संगणकाची का असेना. त्यामुळे दुसऱ्या राउटरवर नॅट बंद करून १९२.१६८.१.० कडून येणाऱ्या पॅकेटांना फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते. काही राउटरांत हे ‘ऑपरेशन मोड’मध्ये सापडते, तर काहींत नॅटची स्वतंत्र खूण असते. नॅट बंद झाल्यावर दुसऱ्या नेटवर्कवरची उपकरणे आपल्या खऱ्या पत्त्यांनिशी पहिल्या राउटरपर्यंत पोहोचू लागतात, आणि मग त्यांना इंटरनेटवरून आलेली उत्तरेसुद्धा आपण भरलेल्या स्टॅटिक रूटवरूनच परत जातात. काही घरगुती राउटर केवळ स्वतःच्या लॅनमधील पत्त्यांसाठी नॅट करतात. तसा राउटर असल्यास दुसऱ्या बाजूचे इंटरनेट त्या क्षणी बंद पडेल. अशा वेळी नॅट पुन्हा सुरू करून सर्व्हरसाठी दुसऱ्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरच्या ठराविक पोर्ट क्रमांकावर आलेली जोडणी सर्व्हरकडे वळवणे) करावे आणि संगणकावरून १९२.१६८.२.५० ऐवजी १९२.१६८.१.२ हा पत्ता उघडावा. विंडोज पद्धतीच्या फाइल शेअरिंगसाठी ते पोर्ट ४४५ आहे. मात्र हे फॉरवर्डिंग केवळ आतल्या, म्हणजे दुसऱ्या राउटरवरच करायचे. थेट इंटरनेटला जोडलेल्या राउटरवर ४४५ उघडणे अत्यंत धोक्याचे आहे.

प्रत्येक बदलानंतर ट्रेसराउट, म्हणजे पॅकेट वाटेत कोणकोणत्या राउटरांतून जाते ते दाखवणारी आज्ञा, चालवून पाहावा. विंडोजमध्ये या आज्ञेचे नाव ट्रेसर्ट असे आटोपशीर आहे. सगळे बरोबर असेल तर पहिल्या ओळीत १९२.१६८.१.१, दुसरीत १९२.१६८.१.२ आणि तिसरीत १९२.१६८.२.५० दिसेल. दुसऱ्या ओळीत इंटरनेट कंपनीचा एखादा पत्ता आला, तर पहिल्या राउटरने आपला रूट घेतलेलाच नाही. पहिली ओळ बरोबर येऊन पुढे नुसत्या फुल्या येत राहिल्या, तर दुसऱ्या राउटरची फायरवॉल किंवा उत्तराची परतीची वाट तपासावी.

प्रश्न : डेस्टिनेशनमध्ये १९२.१६८.२.१ आणि मास्कमध्ये २५५.२५५.२५५.० भरले, तर राउटर ‘अवैध नोंद’ म्हणतो. मास्क २५५.२५५.०.० केला तेव्हा मात्र डेस्टिनेशन १९२.१६८.०.० ठेवून नोंद स्वीकारली गेली आणि कामही चालते आहे. तसेच ठेवावे का? शिवाय मेट्रिक (रूटचा पसंतीक्रम ठरवणारा आकडा) या रकान्यात काय लिहायचे?

उत्तर : डेस्टिनेशन या रकान्यात नेटवर्कचा पत्ता अपेक्षित आहे, एखाद्या उपकरणाचा नव्हे. मास्कमध्ये जिथे ० आहे, तिथे डेस्टिनेशनमध्येही ० असावा लागतो, म्हणून १९२.१६८.२.० असे लिहावे. एकाच उपकरणापुरता रूट हवा असेल, तर त्या उपकरणाचा पूर्ण पत्ता देऊन मास्क २५५.२५५.२५५.२५५ ठेवावा. मास्क अधलामधला असेल तर थोडे गणित करावे लागते. २५५.२५५.२५५.१९२ या मास्कने नेटवर्कचे ६४-६४ पत्त्यांचे तुकडे पडतात आणि ते ०, ६४, १२८ व १९२ पासून सुरू होतात. त्यामुळे १९२.१६८.२.१०० हे उपकरण ज्या तुकड्यात आहे, त्याचे डेस्टिनेशन १९२.१६८.२.६४ असे होते.

२५५.२५५.०.० ची नोंद मात्र तशीच ठेवू नये. ती वरवर चालते, कारण राउटर नेहमी सर्वांत नेमकी, म्हणजे सर्वांत लांब जुळणारी नोंद निवडतो. पहिल्या राउटरच्या स्वतःच्या १९२.१६८.१.० ची नोंद अधिक नेमकी असल्यामुळे ती जिंकते आणि घरचे व्यवहार बिघडत नाहीत. पण एखाद्या जुन्या फोनने किंवा चुकीच्या सेटिंगच्या कॅमेऱ्याने १९२.१६८.७.९ या कुठेच नसलेल्या पत्त्याला पॅकेट पाठवले, तर काय होईल ते पाहा. पहिला राउटर ते रुंद नोंदीप्रमाणे दुसऱ्याकडे देईल. दुसऱ्याला तो पत्ता माहीत नाही, म्हणून तो ते डिफॉल्ट नोंदीप्रमाणे पहिल्याकडे परत करेल, आणि पहिला पुन्हा दुसऱ्याकडे पाठवेल. प्रत्येक फेरीत पॅकेटमधील टीटीएल हा आकडा कमी होतो. तो लिनक्सवर सहसा ६४ पासून आणि विंडोजवर १२८ पासून सुरू होतो, व शून्यावर आला की पॅकेट मरते. तोवर ते दोन राउटरांमध्ये हेलपाटे घालत राहते. ट्रेसराउटमध्ये १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.१.२ हे दोनच पत्ते आळीपाळीने तीस ओळी येत राहिले, तर हा फेरा पडला आहे असे निश्चित समजावे. रूट जेवढ्या नेटवर्कसाठी हवा, तेवढाच अरुंद ठेवावा.

मेट्रिकविषयी उगाच फार गैरसमज आहेत. त्यात १ लिहिले काय किंवा ५ लिहिले काय, त्या नेटवर्कला जाणारा दुसरा रूट नसेल तर काहीही फरक पडत नाही. डेस्टिनेशन आणि मास्क हे दोन्ही तंतोतंत सारखे असलेले दोन रूट असतील, तेव्हाच मेट्रिक पाहिले जाते आणि लहान आकडा जिंकतो. एखाद्या अधिक नेमक्या रूटला मोठे मेट्रिक देऊन मागे ढकलता येत नाही. मोठ्या मेट्रिकचा ‘राखीव’ रूट ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की स्टॅटिक रूटला पलीकडचा राउटर जिवंत आहे की नाही हे कळत नाही. पोर्टच बंद पडले तर नोंद निघून जाते. मधे नेटवर्कचा स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारे उपकरण) असेल, तर पलीकडचा राउटर बंद पडूनही अलीकडचे पोर्ट सुरूच राहते, आणि पॅकेट त्याच मेलेल्या वाटेने जात राहतात.

प्रश्न : दोन राउटर, नॅट बंद, फायरवॉलमध्ये परवानगी, पहिल्या राउटरवर रूट, असे सर्व केले आहे. पहिल्या नेटवर्कवरून दुसऱ्यावरच्या सर्व्हरला पिंग केले (‘आहेस का’ असे विचारणारे छोटे पॅकेट पाठवले) तर व्यवस्थित उत्तर येते. पण त्याच सर्व्हरचे वेबपान उघडायला गेलो की ते फिरतच राहते. पिंग जाते म्हणजे वाट बरोबर आहे, मग अडते कुठे?

उत्तर : जाण्याची वाट बरोबर आहे आणि येण्याचीही बरोबर आहे, परंतु त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. आपल्या संगणकाचे पॅकेट आधी पहिल्या राउटरकडे जाते, तो ते दुसऱ्या राउटरला देतो आणि तिथून ते सर्व्हरला मिळते. सर्व्हरचे उत्तर दुसऱ्या राउटरपर्यंत येते, आणि दुसरा राउटर तर आपल्या संगणकाच्याच नेटवर्कवर, १९२.१६८.१.२ या पत्त्याने बसलेला आहे. संगणक त्याला थेट दिसतो. पहिल्या राउटरला मध्ये घेण्याचे त्याला काहीच कारण नाही, म्हणून तो उत्तर सरळ संगणकाच्या हाती देतो. परिणामी पहिला राउटर प्रत्येक संभाषणाची एकच बाजू ऐकतो.

पिंगला याने फरक पडत नाही, कारण पिंगची प्रत्येक विचारणा स्वतंत्र असते आणि पहिला राउटर तिला नवी समजून पुढे जाऊ देतो. वेबपानाची गोष्ट निराळी आहे, कारण ते टीसीपीवर चालते. टीसीपीत आधी संगणक जोडणीची विनंती पाठवतो, सर्व्हर तिला होकार देतो, आणि मग संगणक त्या होकाराची पोच पाठवतो. पहिल्या राउटरच्या फायरवॉलने विनंती जाताना पाहिली, पण होकार तिच्या डोळ्यांआडून गेला. त्यानंतर अचानक पोच आलेली पाहून ती म्हणते, की ज्याचा होकारच आला नाही त्याची ही पोच कसली? ते पॅकेट ‘अवैध’ ठरवून ती टाकून देते. संगणकाला वाटते जोडणी झाली, सर्व्हर पोचेची वाट पाहत बसतो आणि पान फिरत राहते. सर्वच घरगुती राउटर इतके काटेकोर नसतात. त्यामुळे हीच मांडणी एका घरी विनातक्रार चालते आणि दुसऱ्या घरी अडते, व दोन्हीकडच्या नोंदी तंतोतंत सारख्या असूनही लोक रूटमध्येच दोष शोधत राहतात.

उपाय तीन आहेत, आणि ते सारख्या तोलामोलाचे नाहीत. सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे दोन राउटरांमधील जोडणीला स्वतःचे छोटे नेटवर्क देणे. पहिल्या राउटरचे एक पोर्ट वेगळ्या लॅनला देता येत असेल, तर त्यावर उदाहरणार्थ १९२.१६८.९.० ठेवावे, दुसऱ्या राउटरचा वॅन पत्ता १९२.१६८.९.२ करावा आणि रूटचा गेटवे तो पत्ता करावा. मग दुसऱ्या राउटरपाशी आपल्या संगणकाकडे जाण्याची आडवाट उरत नाही, आणि उत्तराला पहिल्या राउटरमधूनच यावे लागते. दुसरा उपाय म्हणजे संगणकालाच रूट शिकवणे, म्हणजे तो पहिल्या राउटरला न विचारता पॅकेट थेट १९२.१६८.१.२ ला देईल. हे कसे करायचे ते पुढच्या एका उत्तरात दिले आहे. तिसरा उपाय म्हणजे पहिल्या राउटरच्या फायरवॉलमधील अवैध पॅकेट टाकण्याचा नियम या दोन नेटवर्कपुरता शिथिल करणे. याने काम भागते, पण नियम संपूर्ण घरासाठी बंद केला जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून मी तो शेवटी ठेवतो.

राउटरकडेही यावर स्वतःचा एक तोडगा असतो : ‘याहून जवळची वाट त्या दुसऱ्या राउटरकडून आहे’ असा आयसीएमपी रिडायरेक्ट संदेश तो संगणकाला पाठवू शकतो. परंतु तो संदेश खोटाही पाठवता येतो, त्यामुळे सुरक्षेपोटी अनेक ठिकाणी तो मानला जात नाही. त्यावर विसंबू नये.

याच्या नेमका उलट अनुभवही येतो : सर्व्हर उघडतो पण पिंगला उत्तर मिळत नाही. सर्व्हर विंडोजचा असेल, तर त्याची स्वतःची फायरवॉल खासगी नेटवर्कवर सहसा आपल्याच सबनेटमधल्या पिंगला उत्तर देते आणि दुसऱ्या सबनेटमधल्या पिंगला देत नाही. त्यात राउटरचा काहीही दोष नसतो.

प्रश्न : रूट घातल्यापासून दोन्ही नेटवर्कवरची उपकरणे एकमेकांना पिंग करतात. तरीही फोनमध्ये दुसऱ्या नेटवर्कवरचा टीव्ही आणि प्रिंटर यादीत येत नाहीत. रूटमध्ये आणखी काही घालावे लागते का?

उत्तर : नाही. उपकरणे आपोआप सापडतात ती २२४.०.०.२५१ किंवा २३९.२५५.२५५.२५० यांसारख्या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना हाक जाते अशा) पत्त्यांवर हाक मारून, आणि ती हाक घरगुती मांडणीत आपल्या सबनेटबाहेर जात नाही. स्टॅटिक रूट कितीही बिनचूक असला तरी तिला त्याचा उपयोग नाही. प्रिंटर हाताने, त्याचा आयपी पत्ता लिहून जोडावा, तो नीट चालतो. टीव्हीसाठी राउटरमध्ये एमडीएनएस रिपीटर किंवा रिफ्लेक्टर अशी, ती हाक दुसऱ्या नेटवर्कवर पोहोचवणारी सोय असल्यास ती सुरू करून पाहावी.

मात्र आपल्याला दोन नेटवर्क खरोखर हवी आहेत का, हे आधी ठरवावे. दुसरा राउटर केवळ वाय-फाय लांबवर पोहोचावे म्हणून घेतला असेल, तर त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावे. मग घरात एकच नेटवर्क राहते, यादीत सगळी उपकरणे दिसतात आणि स्टॅटिक रूटची गरजच उरत नाही. कॅमेरे किंवा पाहुण्यांची उपकरणे मुद्दाम वेगळी ठेवायची असतील, तेव्हाच दोन सबनेटचा हा उठाठेव करावा.

प्रश्न : घरातील एका छोट्या लिनक्स संगणकावर, म्हणजे १९२.१६८.१.१० वर, वायरगार्ड हे व्हीपीएन बसवले आहे. बाहेरून फोन जोडला की त्या संगणकापर्यंत पोहोचता येते, पण कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरपर्यंत, म्हणजे १९२.१६८.१.३० पर्यंत, पोहोचता येत नाही. फोनला व्हीपीएनच्या बोगद्यात १०.८.०.२ हा पत्ता मिळतो.

उत्तर : इथे तीन ठिकाणी तपासणी करावी लागेल. फोनवरील वायरगार्डच्या ‘अलाउड आयपीज्’ या यादीत १९२.१६८.१.०/२४ (म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.०) आहे का ते पाहावे, कारण ही यादीच फोनसाठी राउटिंग टेबलचे काम करते. त्यात केवळ १९२.१६८.१.१० असेल, तर बाकीची पॅकेट बोगद्यात शिरतच नाहीत. त्यानंतर लिनक्स संगणकावर आयपी फॉरवर्डिंग चालू आहे का ते पाहावे. ते एरवी बंद असते, आणि बंद असताना तो संगणक दुसऱ्याच्या नावाचे पॅकेट पुढे देत नाही.

हे दोन्ही ठीक असेल तर प्रश्न परतीच्या वाटेचा आहे. रेकॉर्डरला विनंती मिळते, पण त्याला उत्तर द्यायचे आहे १०.८.०.२ ला. तो पत्ता आपल्या सबनेटमधला नाही, म्हणून तो उत्तर मुख्य राउटरकडे देतो. मुख्य राउटरला १०.८.०.० माहीत नाही, म्हणून ते इंटरनेटच्या दिशेने जाऊन नाहीसे होते. मुख्य राउटरवर रूट घालावा : डेस्टिनेशन १०.८.०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१०, इंटरफेस लॅन. आधीच्या एका उत्तरातील एकतर्फी संभाषणाची अडचण इथे उलट्या रूपात येऊ शकते, कारण या वेळी राउटरला विनंती न दिसता केवळ होकार दिसतो. तसे घडले तर लिनक्स संगणकावरच मास्करेड, म्हणजे एक प्रकारचे नॅट लावावे. मग रेकॉर्डरला सर्व विनंत्या १९२.१६८.१.१० कडूनच आल्यासारख्या वाटतात आणि स्टॅटिक रूट लागत नाही. त्याची किंमत एवढीच, की रेकॉर्डरच्या नोंदवहीत कोणत्या फोनवरून कोण आले ते कळत नाही. घरात ज्यांचे दोन-तीनच फोन आहेत त्यांनी ही किंमत खुशाल मोजावी.

घरचे नेटवर्क १९२.१६८.१.० असण्यात आणखी एक अडचण दडलेली आहे. खासगी वापरासाठीचे १०.०.०.०, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० हे गट १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने नेमून दिले, आणि राउटर बनवणाऱ्यांनी त्यांतले तेच ते दोन-तीन सबनेट उचलले. आपण ज्या ठिकाणच्या वाय-फायवर बसून घरी जोडणी करता, तिथेही १९२.१६८.१.० असले तर १९२.१६८.१.३० हा पत्ता घरचा की तिथला, असा पेच पडतो. घरचे नेटवर्क १९२.१६८.४७.० किंवा १०.७३.५.० असे सहसा कोणी न घेतलेले ठेवावे. हा बदल रूट भरण्यापूर्वी करावा, कारण नंतर प्रत्येक नोंद पुन्हा लिहावी लागते.

प्रश्न : कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये स्टॅटिक रूटचे पानच नाही. काही करता येईल का?

उत्तर : येईल. रूट राउटरवरच असला पाहिजे असे नाही, तो संगणकावरही ठेवता येतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून रूट अ‍ॅड ही आज्ञा द्यावी. तिच्यात आधी डेस्टिनेशन, मग मास्क हा शब्द व मास्कचा आकडा आणि शेवटी गेटवे असा क्रम असतो. या आज्ञेत उणे-चिन्ह आणि पी हे अक्षर जोडले नाही, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर नोंद पुसली जाते. लिनक्समध्ये आयपी रूट अ‍ॅडने घातलेली नोंदही तशीच तात्पुरती असते, म्हणून ती नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लिहावी. फोन आणि टीव्हीवर असे हाताने काही करता येत नाही.

डीएचसीपी सर्व्हर आपल्या ताब्यात असेल, तर त्याचा १२१ क्रमांकाचा पर्याय वापरून रूट सगळ्या संगणकांना आपोआप वाटता येतो. डिसेंबर २००२ च्या आरएफसी ३४४२ मध्ये हा पर्याय ठरला. त्यातील एक अट विसरली गेली तर घरचे इंटरनेट बंद पडते : ज्या उपकरणाला पर्याय १२१ मिळतो, ते नेहमीचा डिफॉल्ट गेटवे सांगणारा पर्याय ३ दुर्लक्षित करते. म्हणून १२१ च्या यादीत आपल्या रूटबरोबर ०.०.०.०/० ची डिफॉल्ट नोंदही न चुकता लिहावी. संगणकालाच वाट माहीत झाल्यामुळे पॅकेट थेट दुसऱ्या राउटरकडे जाते, आणि पिंग चालून वेबपान अडण्याची वर सांगितलेली अडचण याने आपोआप मिटते.

तिसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. कंपनीच्या राउटरकडे केवळ इंटरनेट आणण्याचे काम ठेवावे आणि त्यामागे स्टॅटिक रूट व एकाहून अधिक लॅन सांभाळू शकणारा स्वतःचा राउटर लावून घरची सर्व नेटवर्क त्याच्यावर घ्यावीत. त्याला दोन्ही लॅन थेट जोडलेली असल्यामुळे त्यांच्यामधला रूट त्याच्या टेबलमध्ये न सांगताच येतो. आपल्याला ठरवायचे उरते ते एवढेच, की फायरवॉलने कोणाला कुठे जाऊ द्यावे.

प्रश्न : मोडेम ब्रिज मोडमध्ये (स्वतः राउटिंग न करता जोडणी नुसती पुढे देणाऱ्या स्थितीत) असून माझा राउटर पीपीपीओईने, म्हणजे नाव व पासवर्ड देऊन कंपनीशी जुळण्याच्या पद्धतीने, जोडणी करतो. मोडेमचे पान १९२.१६८.१००.१ वर आहे. राउटरमागून ते उघडावे म्हणून १९२.१६८.१००.० चा रूट वॅनकडे घातला, तरी उघडत नाही.

उत्तर : पीपीपीओईत ‘वॅन’ या नावाखाली दोन थर असतात. एक प्रत्यक्ष केबलचे पोर्ट आणि दुसरा त्यावरून थेट कंपनीपर्यंत जाणारा पीपीपी बोगदा. बहुतेक राउटरांत वॅन निवडले की बोगदा निवडला जातो, आणि त्यात शिरलेले पॅकेट मोडेमच्या आतून जाऊनही मोडेमला वाचता येत नाही. राउटर परवानगी देत असेल, तर बोगद्याखालच्या पोर्टला १९२.१६८.१००.२ असा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्यावा. तो दिल्याबरोबर १९२.१६८.१००.० ची नोंद टेबलमध्ये आपोआप येते, म्हणून आपण घातलेला रूट काढून टाकावा.

तेवढ्याने पॅकेट मोडेमपर्यंत जाईल, परंतु उत्तर येणार नाही, कारण मोडेमला आपल्या लॅनचा पत्ता ठाऊक नसतो आणि मोडेमवर रूट भरण्याची सोय सहसा नसते. म्हणून त्या पोर्टवरून बाहेर पडणाऱ्या पॅकेटांना नॅट लावावे, म्हणजे मोडेमला विचारणारा १९२.१६८.१००.२ हाच दिसेल. या दोन गोष्टी करता येतील अशी सोय आपल्या राउटरमध्ये नसेल, तर मोडेमचे पान पाहायचे असेल तेवढ्या वेळेपुरता लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडावा आणि त्याला १९२.१६८.१००.५ असा पत्ता हाताने द्यावा.